शोरूमची गाडी, गॅरेजची सही

पत्र : माझं साताऱ्यात एमआयडीसीच्या बाजूला गॅरेज आहे. नऊ वर्षं झाली. दोन खांबी एक लिफ्ट, मी आणि तीन पोरं. मागच्या महिन्यात हायवेवरच्या एका शोरूमचा मॅनेजर स्वतः येऊन बसला. म्हणाला, "आमच्याकडे एक्स्चेंजला येणाऱ्या जुन्या गाड्यांचं सेफ्टी चेकिंग आणि पंधरा वर्षं झालेल्या गाड्यांची पासिंगची तयारी तुम्ही करा. महिन्याला बारा-पंधरा गाड्या देतो, चेकिंगचे गाडीमागे तीनशे. फॉर्म आमचा, सही-शिक्का तुमचा." माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तो म्हणतो, तिकडे हे रोजचंच आहे, डोळे झाकून घे. बायको हिशेब बघते. ती म्हणते, एवढं मोठं वर्कशॉप, दहा लिफ्ट असताना ते आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी कशाला पाठवतील? काहीतरी घोळ आहे. मला दोघांचंही पटतं. मॅनेजर असंही म्हणाला की पुढे इन्स्पेक्शन सेंटरच टाका. त्यासाठी कर्ज काढू का, तेही सांगा.
— एक गॅरेजवाला, सातारा

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न वहिनींनी विचारलाय, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. मी स्वतः अकरा वर्षं एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत आणि तुमच्यासारख्या गॅरेजांकडे गाड्या पाठवणारा माणूस मीच होतो. त्यामुळे हे पलीकडच्या काउंटरवरून सांगतोय असं समजा.

बाहेरून दहा लिफ्ट दिसतात. आतल्या माणसाला दिसतं ते लिफ्टवरचं घड्याळ. सकाळी नऊला सर्व्हिसच्या गाड्यांची रांग लागते. कुठल्या कामाला किती मिनिटं हे कंपनीने ठरवून दिलेलं असतं, आणि संध्याकाळी सहाला चावी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं कबूल केलेलं असतं. अशात पाटणकडची, चार पावसाळे उघड्यावर उभी राहिलेली चौदा वर्षांची गाडी लिफ्टवर घेतली, ब्रेकमधली हवा काढायचं ब्लीडर निपल फिरवायला गेलं आणि ते मुळापासूनच तुटलं, तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. पार्ट येईपर्यंत गाडी चालवून बाहेर काढता येत नाही. एक बे, म्हणजे लिफ्टची एक जागा, दोन दिवस अडकला. तेवढ्या वेळात त्याच लिफ्टवर आठ-दहा सर्व्हिसच्या गाड्या झाल्या असत्या. समजा तासाला हजार रुपये लेबर धरलं, तर तीनशे-चारशेच्या चेकिंगसाठी कुठला मॅनेजर हा धोका पत्करेल? तुमच्याकडे अशी गाडी अडकली तर तुम्ही ती ढकलून कडेला लावता आणि दुसरी घेता. हा तुमचा मोठेपणा त्यांना परवडत नाही.

दुसरं कारण एक्स्चेंजचं. नवी गाडी एका कंपनीची विकतात, पण बदल्यात येणारी जुनी गाडी कुठल्याही कंपनीची असते. त्यांचा स्कॅनर, म्हणजे गाडीतले दोष वाचणारं यंत्र, फक्त आपल्याच कंपनीच्या गाडीशी बोलतो, स्टोअरमध्ये पार्टही आपलेच. दुसऱ्या कंपनीचा लोअर आर्म हवा असेल तर त्यांना तो बाहेरूनच आणायचा असतो. तुम्ही पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टवाल्याला एक फोन केला की दुसऱ्या दिवशी पार्सल एसटीने हजर.

तिसरं कारण बाहेरच्या माणसाला कळत नाही. शोरूम एक असलं तरी आत दोन चुली असतात. जुन्या गाड्या विकणारा विभाग वेगळा, वर्कशॉप वेगळं. वर्कशॉप आपल्याच घरच्या विभागाला बिल लावतं आणि ते बिल जुन्या गाडीच्या नफ्यातून वजा होतं. विक्रीवाल्याला दिसतं की तेच काम बाहेर निम्म्यात होतंय. भावकीत एकमेकांना वाकवायची संधी कोण सोडतो? तो गाडी बाहेर पाठवतो. शिवाय पासिंगचं काम म्हणजे एक माणूस आणि एक गाडी अर्धा दिवस आरटीओच्या रांगेत उभी. पगारी टेक्निशियन तिथे उभा करायला कोणी तयार नसतं.

इथपर्यंत घोळ काहीच नाही, सरळ धंदा आहे. वहिनींच्या शंकेला धरून असलेलं कारण यापुढचं आहे आणि मॅनेजर ते तोंडाने सांगणार नाही. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जॉब कार्ड, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद, उघडलं की ते संगणकात चासी नंबरावर कायमचं नोंदलं जातं. त्यांच्या फिटरने लिहिलं की पुढची ब्रेक डिस्क मर्यादेपेक्षा पातळ झालीय, तर आता एक तर ती बदला, नाही तर गिऱ्हाइकाला सांगा. लिहिलेलं पुसता येत नाही. तेच तुमच्या शेडमध्ये लिहिलं गेलं तर तो एक कागद असतो. कागद फाइलमध्ये राहतो, किंवा राहत नाही.

मी असताना घडलेली एक गोष्ट सांगतो. शनिवारची संध्याकाळ, एका जुन्या हॅचबॅकची डिलिव्हरी. हार आणलेला, पेढे आणलेले, गिऱ्हाइकाची आई मागच्या सीटवर बसून बघत होती. बाहेरच्या गॅरेजचा चेकिंगचा फॉर्म माझ्या हातात. सव्वाशेच्या वर रकाने आणि प्रत्येकात बरोबरची खूण, सगळ्या एकाच तिरक्या फटकाऱ्याच्या, जणू एका श्वासात मारलेल्या. मला कशी कोण जाणे शंका आली. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर ओलं लागलं. वास घेतला, ब्रेक ऑइल. चाक काढून ब्रेकचा ड्रम खोलला. व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर तेलात भिजलेले. फॉर्मवर 'ब्रेक : ओके'. डिलिव्हरी थांबवली, पेढे मात्र वाटले. सोमवारी त्या गॅरेजवाल्याला बोलावून विचारलं. तो घाबरला नाही, चिडलाही नाही. शांतपणे म्हणाला, "सायेब, ड्रम खोलायचं पैसं कुठं दिलं होतं तुमी?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. तो दर मीच ठरवला होता.

म्हणून तुमच्या प्रकरणात मला खटकतं ते 'गाडी बाहेर पाठवतात' हे नाही. 'फॉर्म आमचा, सही-शिक्का तुमचा, तीनशे रुपये' ही तीन वाक्यं एका दमात आली, ते खटकतं.

आता तुमच्या मावसभावाचं. तो चुकीचं सांगत नाही, पण तिकडची गोष्ट मुळात वेगळी आहे. पेनसिल्व्हेनियात खासगी गाडीची सुरक्षा तपासणी दरवर्षी करावी लागते. सरकार ती स्वतः करत नाही, खासगी गॅरेजांना तसा परवाना देतं. तपासणाऱ्या मेकॅनिकलाही राज्याचं प्रमाणपत्र लागतं. पास झाली की काचेवर स्टिकर. त्यामुळे गल्लीतलं परवानाधारक गॅरेज तिथे कायद्याने तपासणी केंद्रच असतं. डीलरने तिथे गाडी पाठवली तर ती अधिकृत जागीच गेली, आणि पाठवण्यामागची कारणं वर सांगितली तीच, बे आणि तास. पण न तपासता स्टिकर लावला तर निलंबित होतो तो गॅरेजचा परवाना. म्हणून तिथला गॅरेजवाला डीलरला 'नाही' म्हणू शकतो. त्याच्या मागे राज्य उभं असतं आणि मानेवरही तेच बसलेलं असतं. इंग्लंडातही तसंच. कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणी, ती खासगी गॅरेजात होते, आणि कारसाठी कमाल फी ५४.८५ पौंडांवर बांधलेली. एवढ्याशा फीसाठी सगळी यंत्रसामग्री कशाला ठेवायची, म्हणून चाचणीचा बे नसलेली गॅरेजं गाडी शेजारच्या गॅरेजात पाठवतात. गंमत म्हणजे तिथल्या नगरपालिकांच्या केंद्रांत फक्त चाचणी होते, दुरुस्ती होत नाही. गाडी नापास करून त्यांना काही मिळणार नसतं, म्हणून लोक मुद्दाम तिथे जातात.

आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. तोवर पीयूसी सोडली तर तिच्याकडे कायद्याने कोणी वाकून बघत नाही. पंधरा वर्षांनी नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत, आणि गाडी दाखवायची आरटीओला किंवा स्वयंचलित चाचणी केंद्राला. पुढे दर पाच वर्षांनी तेच. टुरिस्ट परवान्याच्या गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस. हा दाखला देण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि शोरूमलाही नाही. त्यामुळे पासिंगच्या गाड्यांचं तुमचं काम म्हणजे तयारी. ते बिनधास्त घ्या. हेडलाइट, वायपर, हॉर्न, ब्रेक, स्टेअरिंग, सायलेन्सर ठीक करून द्यायचं, पुढे निरीक्षक बघेल. कारच्या रिपासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली. तेव्हापासून आधी नीट तयारी करून घ्या म्हणणारी गिऱ्हाइकंही वाढलीत, हे तुम्हीही बघत असाल.

अडचण आहे ती दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांची, म्हणजे सहा-आठ-दहा वर्षांच्या एक्स्चेंजच्या. ती गाडी नव्या मालकाच्या नावावर होताना तिचे ब्रेक कोणीही सरकारी माणूस तपासत नाही. कागद बदलतो, गाडी तीच. तिच्या आणि त्या मागच्या सीटवरच्या आईच्या मध्ये जी एकुलती एक तपासणी होते, ती तुमची. तिला कायद्याचं नाव नाही, पण फॉर्मवर 'सेफ्टी चेकिंग' छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक ते सरकारी शिक्क्यासारखं वाचतं. पुढे यवतेश्वरच्या घाटात ब्रेक लागले नाहीत, तर तक्रारीला जोडायला त्याच्याकडे तुमच्या शिक्क्याचा कागद असणार. जिल्हा ग्राहक आयोगात तो शोरूमबरोबर तुम्हालाही पक्षकार करू शकतो, आणि शोरूमचा वकील पहिल्याच तारखेला तुमच्याकडे बोट दाखवेल. पाठवणारा मी होतो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

तरीही काम घ्या, असंच मी म्हणेन. महिन्याला बारा-पंधरा गाड्या म्हणजे तुमच्या पोरांना पावसाळ्यातसुद्धा काम. फक्त मॅनेजरने मांडलेला सौदा उलटा करून घ्या : दर आणि फॉर्म तुमचा, गाडी त्यांची.

दराचं आधी. चारही चाकं काढून, ड्रम खोलून, पॅड मोजून, खालून बुश-बॉल जॉइंट-टाय रॉड हलवून बघून आणि एक ट्रायल मारून यायचं म्हटलं तर तुम्हाला दीड तास लागतो, हो ना? तुमच्या लिफ्टचा दीड तास कितीला जातो ते वहिनींना विचारा. आकडा त्यांच्याकडे तयार असेल. तीनशेत बॉनेट उघडून बघणं होतं, त्यापलीकडे काही नाही. म्हणून दोन कामं वेगळी लिहा, 'वरून पाहणी' आणि 'खोलून तपासणी', दोन्हींचे दर वेगळे, आणि वरून पाहणीच्या कागदावर मोठ्या अक्षरात 'ड्रम व चाकं खोललेली नाहीत' हे छापून घ्या. मॅनेजर कुरकुरेल. कुरकुरू द्या.

फॉर्ममध्ये बरोबरच्या खुणा नकोत, आकडे हवेत. टायरची खोली किती मिलिमीटर (कारला कायद्याने किमान १.६ लागते), टायर कुठल्या आठवड्यात बनला तो बाजूवरचा चार आकडी कोड, पॅड किती उरलेत, डिस्क किती जाड. आकडा लिहायचा म्हटलं की माणसाला गेज हातात घ्यावाच लागतो. पोरं बाहेरची असोत की तुमची, एका श्वासात फटकारे मारायची सवय तिथेच मोडते. एअरबॅगच्या दिव्याला वेगळा रकाना ठेवा. चावी फिरवल्यावर तो पेटला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपला आपण विझला पाहिजे. पेटलाच नाही, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबरच विझला, तर कोणीतरी वायर जोडून मखलाशी केलीय. अशा गाड्या एक्स्चेंजला येतात, आणि विकणारे डोळ्यात पाणी आणून सांगतात की घरचीच गाडी आहे.

सहीच्या वर 'गाडी सुरक्षित आहे' असलं वाक्य असेल तर ते खोडा. तुम्ही एवढंच लिहा की अमुक तारखेला, मीटरवर अमुक किलोमीटर असताना, तपासलेल्या भागांची स्थिती ही होती. किलोमीटरचा आकडा विसरू नका. पुढे मीटर मागे फिरला तर तुमचा कागदच ते बोलेल. प्रत तुमच्याकडे ठेवा आणि नंबर प्लेटसकट उघड्या ड्रमचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

एक नियम बऱ्याच गॅरेजवाल्यांना ठाऊक नसतो, पण तुमच्या उपयोगाचा आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेल्या डीलरकडे गाडी सोपवली आणि तसं आरटीओला कळवलं, की ती विकेपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. गाडी आवारातून बाहेर पडली तर कोण घेऊन गेलं, कशासाठी, किती किलोमीटर, याची नोंद त्याने ठेवायची असते. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीची ही नोंद झाली आहे का, ते विचारा, आणि इन्शुरन्स चालू आहे का तेही. ट्रायलला तुमचा पोरगा गाडी घेऊन वाढे फाट्यावर गेला आणि कोणाला धक्का लागला, तर 'आम्ही ती पाठवलीच नव्हती' हे ऐकायला नको.

पैशाचं थोडक्यात सांगतो. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर करून घ्या, ती फुकट आहे. नोंदणीकृत छोट्या उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. मोठ्या शोरूमचा हिशेबनीस हे वाक्य ऐकून जरा सरळ बसतो.

एवढं सगळं झाल्यावर पहिली खरी परीक्षा तुमची नसते, त्यांची असते. पहिल्या पाच-सहा गाड्यांत एखादी नापास निघणारच. स्वच्छ लिहा, 'मागील ब्रेक नापास, लायनर व सिलिंडर बदलणे'. त्यावर तिकडून काय येतं ते बघा. 'करून टाका, बिल पाठवा' आलं तर चांगलं. 'आम्ही आमच्याकडे करतो, गाडी परत द्या' आलं तरी हरकत नाही, तुमचा कागद खरा राहिला. पण फोन आला आणि पलीकडून हसत, अगदी प्रेमाने, 'अहो तेवढं ओके टाका की, गिऱ्हाईक ताटकळलंय' असं म्हटलं, तर त्यांना तपासणी नको होती, शिक्का हवा होता. तिथे थांबा. एखादा महिना जड जाईल, पण घरची गिऱ्हाइकं आहेत तुमची. त्यावरून आठवलं : शोरूमच्या गाड्यांमुळे आपल्या जुन्या माणसाला 'उद्या या' म्हणायची वेळ आली, तर गाड्या कमी करा. शोरूमचा मॅनेजर बदलला की गॅरेजही बदलतं. गोडोलीचा मास्तर मात्र त्याची गाडी मोडीत निघेपर्यंत तुमच्याकडेच येतो.

राहिलं कर्जाचं. काढू नका. मॅनेजरने इन्स्पेक्शन सेंटरचं स्वप्न दाखवलं, पण त्यातली मेख सांगितली नाही, किंवा त्यालाही माहीत नसेल. स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. त्यांत स्पष्ट आहे की केंद्र चालवणाऱ्याने गाडीदुरुस्ती, गाड्यांची विक्री किंवा सुट्या भागांचा धंदा करायचा नाही, फक्त चाचणी करायची. म्हणजे सेंटर टाकायचं तर आधी तुमच्या गॅरेजचं शटर ओढावं लागेल. तपासणारा वेगळा आणि दुरुस्त करणारा वेगळा, हे तत्त्व मला तरी पटतं. पण नऊ वर्षांचा पाना खाली ठेवून यंत्रांच्या रांगेसमोर कर्जाचे हप्ते मोजत बसणं तुम्हाला मानवेल असं पत्रावरून वाटत नाही. त्यापेक्षा टायरचा गेज, जाडी मोजायला एक चांगला व्हर्नियर आणि सगळ्या कंपन्यांच्या गाड्या वाचणारा बऱ्यापैकी स्कॅनर घ्या. घरच्या पैशात होईल.

मॅनेजरशी दराचं बोलणं गॅरेजातच करा, त्यांच्या एसी केबिनमध्ये नको, आणि वहिनींना शेजारी बसवा. फॉर्म छापायच्या आधी कोरा नमुना मला पाठवा, एकदा बघून देतो.